दोन गळ्यांची आणेवारी

आमच्या बँडमध्ये दोन मुख्य गायक होते. त्या दोघांत सरस कोण, हा प्रश्न आमच्या घरमालकांनी जितका मनावर घेतला होता, तितका त्या दोघांनीसुद्धा घेतला नव्हता.

घर पुंडलिकनगरात होतं. खाली घरमालक आणि त्यांची बायको, वर गच्चीला लागून एक लांबट खोली, आणि त्या खोलीत मी. मी जालन्याहून इंजिनिअरिंगला आलो होतो आणि येताना पुस्तकांपेक्षा ड्रमसेटच मोठा आणला होता. त्याआधी बरीच घरं पाहून झाली होती. ड्रम हा शब्द काढला की लोक दारातूनच वाटेला लावायचे. या गृहस्थांनी मात्र टेम्पोतून उतरलेलं सगळं सामान शांतपणे पाहिलं, ड्रमसेटच्या सगळ्यात मोठ्या झांजेवर एक टिचकी मारली आणि म्हणाले, "हिचा आवाज असून असून किती असणार?" मी त्यांना तिथल्या तिथं देवमाणूस ठरवून टाकलं. पुढं कळलं की तिचा आवाज त्यांना खरोखरच एवढासा वाटत होता.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणायला लागलो. त्यांची बायको म्हणजे ओघानंच मामी. मामा शेती खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि घरातसुद्धा कमरेला पट्टा. पट्ट्याशिवाय माणूस सैल बोलतो, असं त्यांचं मत होतं. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत. इतकं लक्ष देऊन आपलं कुणी ऐकतंय म्हटल्यावर भाजीवालीसुद्धा दोन वाक्यं जास्त बोलायची. आम्हाला तर आईबापांनीही असं कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं आम्ही मामांवर बेहद्द खूश होतो.

नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी पीक कापणी प्रयोगात घालवली होती. हा प्रयोग म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. गावात किती पिकलं हे ठरवायला सगळी वावरं कापून कोण बघणार? म्हणून एखादं वावर निवडायचं, त्यात दोरीनं एक चौकोन आखायचा, तेवढाच कापायचा, झोडपायचा, तोलायचा, आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. चौकोन कुठं पडणार ते आपल्या मनानं ठरवायचं नाही, आकड्यानं ठरवायचं. "आपण निवडाया गेलो की गडबड व्हती," मामा सांगायचे. "शेतकरी वळखीचा असला की चांगला तुकडा दिसतो, नसला की वाईट. आकड्याला वळख नसती." मग गावाची आणेवारी लागायची. सोळा आणे म्हणजे भरघोस, आठाच्या खाली गेलं की दुष्काळ.

निवृत्तीनंतर वावरं सुटली, सवय सुटली नाही. मामी ताट वाढायच्या तेव्हा मामा भाकरीचा मधलाच एक तुकडा मोडून खायचे आणि "तेरा आणे" म्हणायचे. मामी म्हणायच्या, "राहिलेले तीन माझ्या माहेरी ठेवलेत, जाऊन घेऊन या." कीर्तन, नगरसेवकाचं भाषण, लग्नातली जिलेबी, सगळ्याला आणे लागायचे. एकदा शेजारच्या घरी बारशाला गेले आणि बाळाला मांडीवर घेऊन दहा आणे म्हणून आले. त्या घरानं वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. अशा माणसाच्या माडीवर आम्ही रॉक बँड घेऊन आलो, म्हणजे त्याला नवं शिवारच मिळालं.

दोन्ही गायकांना मामांनी कधी नावानं हाक मारली नाही. एक अजिंठ्याकडचा, दुसरा खुलताबादचा, म्हणून एक अजिंठा आणि एक खुलताबाद. "आज अजिंठा आला नाय का?" किंवा "खुलताबादला चहा द्या." त्यांचं ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. अजिंठ्याच्या घरी मेंढरं होती. बाप अजून मेंढरांमागं फिरायचा, पोरगा शहरात येऊन पार्सलं पोचवायचा. डोंगराच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला हाका घालून त्याचा गळा तयार झालेला. आवाज जाड, खालचा, छातीतून येणारा. खुलताबादचं बरोबर उलटं. अंगानं किरकोळ, बोलणं दबकं, पण गायला लागला की वर वर जायचा, आणि आता संपलं असं वाटायचं तिथून आणखी वर जायचा. खुलताबादला त्यांचं रस्त्याकडेला किराणा दुकान होतं आणि मागं सीताफळाची बाग. त्यानं दुकानात बसावं अशी बापाची इच्छा होती. त्याची इच्छा बसू नये अशी होती.

आमची दोनच गाणी लोकांपर्यंत पोचली. त्यातलं एक याचं, एक त्याचं. अजिंठ्याचं 'टँकर'. गल्लीत पाण्याचा टँकर येतो, पाइपावरून भांडणं जुंपतात, आणि शेवटी सगळ्यांच्या घागरी अर्ध्याच राहतात. हे गाणं कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजायचं आणि नंतर नंतर वरातीतही वाजायला लागलं. खुलताबादचं 'उतरणीला'. खुलताबादहून खाली दौलताबादकडं येताना पोरं पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून नुसती सोडून देतात, त्यावरचं. गाण्याच्या मध्यावर आम्ही सगळे एकदम थांबायचो, गाडी बंद केल्यासारखे, आणि तो एकटाच, शब्दांशिवाय, अगदी हळू आणि अगदी वर, गात राहायचा. हे गाणं लोक मोबाइलवर ठेवायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. आमचा गिटारवाला म्हणायचा, 'टँकर' लागलं की माणसं उठून उभी राहतात आणि 'उतरणीला' लागलं की खाली बसतात, आणि उभी राहिलेली माणसं मोजायला सोपी जातात, म्हणून अजिंठ्याचं गाणं मोठं दिसतं. हे मला आजही पटतं.

मामांना असलं विश्लेषण मंजूर नव्हतं. रविवारी सकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून मांडीवर मोबाइल घेऊन बसायचे. गल्लीतून पुढची जी दुचाकी जाईल तिच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे म्हणजे गाण्याच्या शंभर भागांतली तेवढी जागा. तिथपासून थोडंसं ऐकायचं, हात वर केला की बंद. मागचं नाही, पुढचं नाही.

"पण मामा, सुरुवात ऐका ना," गिटारवाला एकदा म्हणाला. "तिथं आम्ही लई मेहनत घेतलीय."

"म्हणूनच तिथं बघायचं नसतं," मामा म्हणाले. "बांधाकडचं पीक साहेबाला दाखवाया असतं."

अजिंठ्याला बारा-तेरा आणे ठरलेले. खुलताबाद नऊच्या वर कधी गेला नाही. "अजिंठ्याचा शब्द कसा, खळ्यात पडलेल्या दाण्यावानी," मामा म्हणायचे. "ह्याचं नुसतं भुस्काट उडतंय. शब्द चावतो हे पोरगं." आणि वर आमची तालीम चालायची तेव्हा कानावर येणाऱ्या 'उतरणीला'बद्दल त्यांची एक कायमची तक्रार असायची, की हे गाणं मध्येच बंद पडतं. आम्हाला वाटायचं, त्यांना ती जागा आवडत नाही. वयस्कर माणसाला असले प्रयोग झेपत नाहीत, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं.

खुलताबाद हे सगळं हसण्यावारी न्यायचा. "हौ मामा, पुढच्या हंगामाला बघू," असं म्हणायचा. पण वर खोलीत आरशासमोर उभं राहून एकेक शब्द घोटताना मी त्याला पाहिलं आहे. 'उतरणीला'मधला 'त' तो इतका दणकून काढायचा की आरशावर थुंकी उडायची. मी पुसायला फडकं दिलं तर म्हणाला, "मामांचे दहा आणे एक डाव घ्यायचे, मग सोडतो." बापाची शाबासकी मिळत नव्हती, निदान मामांची तरी मिळावी, असं काहीतरी त्याच्या मनात असणार.

मामांचा दुसरा नाद कुकरचा. मामी कुकर चढवून बाहेरच्या कामाला जायच्या आणि शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून मामांना बजावून जायच्या. मामा पेपर घेऊन ओट्याशेजारी स्टुलावर बसायचे आणि डाळ करपायची. कुकर शिट्टीच देत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी शिट्टी बदलली, मग रबर, मग कुकरच. नवाही तसलाच निघाला, तेव्हा दुकानदाराशी हुज्जत घालून तो बदलून आणला. "मालच तसला यायलाय आजकाल," म्हणत ते मला जुन्या कुकरांची थोरवी ऐकवायचे. समोरच्या घरातल्या काकू एकदा माझ्या झांजांची तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मामांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "कसल्या झांजा?" काकूंना तो उद्धटपणा वाटला. मला ती माया वाटली.

मग पुण्याचा कार्यक्रम आला. तिथं एका मोठ्या मंचावर नव्या बँडांना गायला मिळणार होतं. निवडीसाठी प्रत्येकानं आधी एकच गाणं पाठवायचं, ते आवडलं तर पुण्याला चाचणीला बोलावणार. आमच्या बाबतीत एक गाणं म्हणजे एक गळा, आणि ज्याचा गळा जाईल तोच पुढं बँडचा चेहरा होणार हे उघड होतं. अजिंठ्याला याचं फार काही नव्हतं. पार्सलं पोचवता पोचवता गायचं, एवढंच त्याचं गणित होतं. खुलताबादचं सगळं त्यावर अडलं होतं. सीताफळाचा हंगाम सुरू होईपर्यंत गाण्याचं काही जमलं तर जमलं, नाहीतर मुकाट्यानं दुकान, अशी बापानं त्याला मुदत दिली होती.

आम्हा बाकीच्यांचं काही एकमत होईना. शेवटी अजिंठाच म्हणाला, "मामान्ला इचारू. ते आकड्यावर बघत्यात, तोंड बघून नाय."

"चलता," खुलताबाद म्हणाला. "मामा बोलतील तेच फायनल."

त्या रविवारी मामांनी खास दाढी केली होती. आधी 'टँकर' झालं. आकडा बऱ्या जागी पडला, तेरा आणे मिळाले. मग दुधवाल्याची गाडी गेली. मी नंबर वाचला, आणि गिटारवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. चौकोन बरोबर त्या जागेवर पडला होता, जिथं आम्ही सगळे थांबतो आणि तो एकटा वर जातो. याआधी असं कधी झालं नव्हतं. खुलताबादचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, आता हा उडी मारतो.

मामांनी मोबाइल कानाजवळ धरला. बराच वेळ त्यांचा हात वर गेला नाही. त्यांनी मोबाइल हलवून पाहिला, पुन्हा कानाला लावला, आणि खाली ठेवला.

"इथं पीकच नाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रिकामं वावर हाय. आणे कशाचे सांगू? इथं काही पेरलंच नाय."

आमच्यातला कुणीतरी हसला. मामांनी टोमणा मारला असंच सगळ्यांना वाटलं. खुलताबाद हसला नाही. तो वर गेला, त्यानं आपला माइक पुसून पिशवीत घातला, आणि मी जिन्यात गाठलं तेव्हा म्हणाला, "शब्द चावतो बोलले, मी सुधारलो. चार आणे बोलले असते तरी चाललं असतं. पेरलंच नाय बोलले रे." दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. तो दुकानात बसायला लागल्याचं त्याच्या गावच्या एका पोराकडून कळलं.

आम्ही 'टँकर' घेऊन तालमीला बसलो. त्यातही मागून खुलताबाद वरचा सूर धरायचा, आता तो नव्हता. दोन तालमींनंतर अजिंठ्यानं माइक खाली ठेवला. "एकट्यानं गायलो की मेंढरं हाकल्यावानी वाटतंय मला," तो म्हणाला. "त्याला आणा, नायतर मला बी सोडा."

त्याच आठवड्यात एका दुपारी मी खाली पाणी भरायला गेलो. मामी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मामा स्टुलावर पेपर वाचत होते, आणि हाताच्या अंतरावर कुकर होता. शिट्टी झाली. आणखी एक झाली. तिसरीला माझेच कान किटले. मामांनी निवांतपणे पान उलटलं. मी पुढं होऊन गॅस बंद केला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"कामून बंद केलास? अजून एक बी झाली नाय."

मी त्यांच्याकडं पाठ केली आणि हळूच विचारलं, "मामा, जेवण झालं का?" मागून उत्तर आलं नाही. वळून तेच विचारलं, तर लगेच म्हणाले, "डाळ शिजू दे की आधी." मला एकदम सगळं कळलं. झांजा, भुस्काट, गाणं बंद पडणं, रिकामं वावर, सगळं. त्यांना जाड, खालचे आवाज ऐकू यायचे. वरचे येतच नव्हते. ते शब्द तोंडाकडं बघून ओळखायचे, आणि मोबाइलला तोंड नसतं.

मी अंगणात जाऊन मामींना सांगितलं. त्यांनी आधी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. "मला वाटायचं, माझंच ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या. "नवरा बायकोचं ऐकत नाय म्हणून कुणी डॉक्टरकडं नेतं का?" मग हसू थांबलं आणि त्या हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभ्या राहिल्या. "मी बारीक आवाजात बोलते ना," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोलायची सवयच नाय मला." मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी पाण्याचा जग उचलला.

डॉक्टरकडं जायला मामा तयार नव्हते. "मला मोटार ऐकू येती, टेम्पो ऐकू येतो, अजिंठा ऐकू येतो. बहिऱ्याला येतं का हे?" शेवटी मामींनी जेवण बंद करण्याची धमकी दिली, ती त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांना बरोबर कळली. दवाखान्यात त्यांच्या कानांना एकेक सूर ऐकवून आलेख काढला. रेघ डावीकडं, खालच्या सुरांना, बरी होती आणि उजवीकडं, वरच्या सुरांना, कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर समजावून सांगायला लागले, पण मामांचा जन्म आलेख वाचण्यात गेलेला. त्यांनी कागद हातात घेतला, पाहिला, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो.

"एका साली नदीला पाणी होतं," ते म्हणाले. "पलीकडच्या वावरात जाता येईना. माझ्या हाताखालच्या माणसानं अलीकडं बसूनच पीक शून्य लिहून टाकलं. मी त्याला सगळ्या गावापुढं झापलं. वाट नसली तर प्रयोग झाला नाय असं लिहायचं असतं, शून्य नाय लिहायचं. शून्य म्हंजी तू जाऊन बघितलंस असं व्हतं." त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मी तेच केलं."

मी म्हणालो, तुम्हाला माहीत नव्हतं. ते म्हणाले, त्या माणसाला तरी कुठं पोहता येत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. पुण्याला चाचणीला आम्ही गेलो, दोघंही गायले, आणि मोठ्या मंचासाठी आमची निवड काही झाली नाही. वर्षभरानं आम्ही पांगलो. मी आता वाळूजच्या एका कारखान्यात आहे, गिटारवाला बँकेत. ते दोघं अजून गातात, एकत्र आणि वेगवेगळे, आणि बरं चाललंय त्यांचं. मामा आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा कशालाच आणे लावले नाहीत, भाकरीलासुद्धा नाही. मामींना याचं वाईट वाटायचं. "आता कशी झाली ते कळतच नाय," असं त्या म्हणायच्या. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन ते जेवताना तेवढं लावत, म्हणजे मामी बोलतात ती वेळ. बाकी दिवसभर ते खिशात असायचं. पण मला मामा म्हटलं की यातलं काही आठवत नाही. मला ती खुलताबादची सकाळ आठवते.

मशीन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते जिन्याखाली येऊन उभे राहिले, शर्ट-पट्टा घालून तयार. "गाडी काढ," म्हणाले. "खुलताबादला जायचंय."

दुकानात खुलताबादचे वडील बसले होते. आतल्या अंधारात तो पोरगा पोती लावत होता. आम्हाला बघून तो तसाच थांबला. वडिलांना मात्र कोण आनंद झाला. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला.

"तुमचे लई उपकार हायेत साहेब," ते म्हणाले. "माझं कधी ऐकलं नाय त्यानं. तुम्ही एक शब्द बोलले आन् पोरगं घरी आलं."

मामा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बसले होते ते उठून उभे राहिले.

"उपकार म्हणू नका," ते म्हणाले. "मी चुकलो. तुमचं पोरगं गात होतं आन् मी काही पेरलंच नाय म्हणलो. माझा कान गेलाय. वरचं मला ऐकू यायलंच नाय. दोष माझ्या कानाचा, डाग त्याच्या गळ्याला लावला."

वडिलांना हे उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आतल्या बाजूला नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता नका सांगू साहेब. मोठ्या मुश्किलीनं बसलाय तो. राहू द्या."

ते इतकं हळू होतं की मामांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण ओठ त्यांना दिसले. "राहू कसं द्यायचं?" ते म्हणाले. "ते शून्य मी लिहिलंय."

खुलताबाद बाहेर आला. हात पिठानं पांढरे झाले होते. रागावलाय की काय, ते कळत नव्हतं.

"कानाला मशीन घेतलं का?" तो म्हणाला.

"हाय. खिशात हाय."

"लावलं का नाय मग?"

"लाज वाटती," मामा म्हणाले.

"लावा."

आम्ही दुकानामागं सीताफळाच्या बागेत गेलो, कारण रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट होता. मामांनी मशीन कानात बसवलं आणि लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "खराब हाय हे. किरकिर किरकिर करायलंय." मी म्हणालो, मामा, ते राघू आहेत, झाडावर. त्यांनी मान वर करून पाहिलं. खरंच पाच-सहा राघू होते. मामा त्यांच्याकडं बघतच राहिले.

मग खुलताबाद गायला. बाकी काही नाही, तेवढीच जागा, शब्दांशिवाय. वाद्यं थांबवायचा प्रश्नच नव्हता, तिथं वाद्यं नव्हतीच. तो हळूहळू वर गेला, थांबला असं वाटलं तिथून आणखी वर गेला, आणि आवाज सगळ्या बागेवर पसरला. त्याचे वडील मागून येऊन एका झाडाला धरून उभे होते. घरी त्यानं हे कधी म्हटलं नसणार, कारण ते त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसे बघत होते.

संपल्यावर मामांनी मशीन काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "परत म्हण. जसं म्हणलास तसंच."

तो पुन्हा गायला. मला सगळं ऐकू येत होतं. मामांना येत नव्हतं. ते त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि त्याचं उघडलेलं तोंड, मिटलेले डोळे, गळ्याची ताणलेली शीर, सगळं बघत राहिले, तो थांबेपर्यंत. मग त्यांनी त्या पोराला हात जोडले. तो त्यांचे हात धरायला गेला, पण त्यांनी सोडले नाहीत.

"एवढं चालू होतं," मामा म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "एवढं सगळं चालू होतं, आन् मी रिकामं म्हणलो."

खुलताबादनं बापाकडं पाहिलं. बाप बराच वेळ त्या दोघांकडं बघत राहिला, मग त्यानं पोराच्या हातावरचं पीठ आपल्या उपरण्यानं झटकलं.

"जा," तो म्हणाला. "दुकान मी बघतो."